गुरुवारचं पान

कल्याण, रविवार, ता. २८ आगस्ट १८८७

त्र्यंबक,

नमस्कार लिहीत नाही. आशीर्वाद द्यायला मी तुझ्याहून चारच महिन्यांनी मोठा आहे, आणि तुझं क्षेमकुशल विचारायची गरज उरलेली नाही. ते काल सहदेवानं सांगितलं.

तापानंतर मी इकडे घरी आलो, आणि गौरीच्या जेवणाला तो आमच्याकडे आला होता. त्याचे वडील रेल्वेत, म्हणून तो कल्याणाहून शाळेला रोज फुकट ये-जा करतो आणि वर्गातल्या सगळ्या बातम्या इकडे आणून टाकतो. पोळी मोडता मोडता म्हणाला, "त्र्यंबकाचं बरं चाललंय. शनिवारी वकिलांकडे जेवणाचा वार लागल्यापासून चांगला अंगानं भरलाय." मी विचारलं, कोणत्या शनिवारपासून? तर म्हणाला, "आषाढ संपता संपता लागला की. तुला ठाऊक नाही?"

नाही, मला ठाऊक नाही. देवळाच्या एका ओवरीत आपण राहतो, एका चटईवर झोपतो, आणि मला ठाऊक नाही.

तुला विसर पडला असेल म्हणून सगळं लिहितो. ज्येष्ठात तू देवगडाहून आलास तेव्हा माझे सात घरी सात वार लागलेले होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईनं ठाण्यात दारोदार हिंडून ते लावले. तुला पाचच मिळाले. गुरुवारी आणि शनिवारी तू मूठभर फुटाणे खाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचास. मला बघवेना. मीच म्हटलं, सात आणि पाच बारा, बाराचे अर्धे सहा. ठमाबाई काकूंकडचा माझा गुरुवार तुला दिला. गुरुवारी मी उपाशी, शनिवारी तू उपाशी, हिशेब बरोबर. तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यानंतर तुला शनिवार मिळाला आणि तू गप्प बसलास. पाच गुरुवार मी विहिरीचं पाणी पिऊन बीजगणित केलं. तुझ्यासाठी! आणि तू सातही दिवस जेवत होतास.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी एखादी शिवी देऊन मोकळा झालो असतो. पण श्रावणात माझा सोमवार गेला. त्या बाई दारातूनच म्हणाल्या, "तुला आता मोठ्या घरचं जेवण लागतं म्हणे, आमची आमटी कशी गोड लागेल?" मला वाटलं थट्टा करतात. बुधवारी गेलो तर माझं पानच मांडलेलं नव्हतं. माझे चार वार उरले, तुझे सात झाले. सात आणि पाचाचे अर्धे मी केले होते. चार आणि सात अकरा झाले तेव्हा तुला भागाकार आठवला नाही. मला ताप भरला तेव्हा माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवणारा तूच होतास, आणि तेव्हासुद्धा तुझं पोट भरलेलं होतं. ते फडकं आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

उत्तर दे. वर्गात सगळ्यांसमोर विचारण्याआधी इथे विचारतोय, एवढी मैत्री अजून शिल्लक आहे.

श्रीपाद टेंबे


ठाणे, गुरुवार, ता. १ सप्टेंबर १८८७

श्रीपाद,

हो. जेवतो मी शनिवारी वकिलांकडे. ताकसुद्धा देतात. आणखी काय ऐकायचंय?

तू भागाकार शिकवलास, आता माझंही थोडं ऐक. ज्या शनिवारी तो वार लागला त्या संध्याकाळी तुला सांगायचं म्हणून मी धावत तळ्यावर आलो. तू पायऱ्यांवर आनंदा, सहदेव आणि आणखी तिघांना घेऊन बसला होतास. मी मागे उभा होतो ते तुला दिसलं नाही. तू म्हणत होतास, "अरे, मी उपास काढतो म्हणून तो जेवतो. नाहीतर केव्हाच आगबोटीत बसून घरी गेला असता." मग सगळे हसले. तूही हसलास. दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव पडलं, टेंब्यांचा गुरुवार. "टेंब्यांचा गुरुवार आला रे, जागा द्या." तू ऐकत होतास. एकदाही कोणाला गप्प केलं नाहीस.

तेव्हा मी ठरवलं, नाही सांगायचं. उपाशी राहायची एवढी हौस आहे ना, राहा म्हटलं.

दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तू विहिरीवर जाऊन, लोटा उंच धरून, घटघट आवाज करत पाणी प्यायचास. आणि मी काकूंकडून परत आलो की विचारायचास, "काय होतं रे आज?" मी सांगायचो, तू डोळे मिटून ऐकायचास. तुझ्या उपासाचा मला दर आठवड्याला जमाखर्च द्यावा लागायचा. ते जेवण माझ्या अंगी कधी लागलं असेल?

आणि उपास कोणाचा रे? तुझं घर पाऊण तासाच्या गाडीवर. आई आहे, मामा आहेत, फणस आहेत, आंबे आहेत, दर सुट्टीनंतर वर्णनं ऐकतोच आहे आम्ही. भूक असह्य झाली तर गाडीत बसलास की झालं. माझं घर आगबोटीनं दोन दिवस, आणि तिथेही आई नाचणी दळून चौघांना पुरवते. तू उपास केलास, मी उपाशी होतो. या दोन गोष्टी एकच आहेत असं तुला वाटतं, म्हणून तुला सहा-सहा बरोबर वाटले.

तुझ्या सोमवार-बुधवारचं मला विचारू नकोस. काकूंना जे सांगायचं ते मी सांगितलं होतं. लोक काय बोलतात त्याला मी काय करू?

त्र्यंबक खांबेटे


कल्याण, शनिवार, ता. ३ सप्टेंबर १८८७

त्र्यंबक,

तळ्यावरचं मी बोललो. ते वाईट बोललो. वाचून माझे कान तापले. पण एक सांग, मी वाईट बोललो म्हणून माझं पोट रिकामं ठेवायचा अधिकार तुला कोणी दिला? थोबाडीत द्यायची होतीस. मी घेतली असती.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "काकूंना जे सांगायचं ते सांगितलं" म्हणजे काय सांगितलं? आपलं ठरलं होतं ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. वार एकाच्या नावानं लागतो, तो परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, काकूंना राग येईल, म्हणून मी तुला शिकवून पाठवलं: "श्रीपादनं दत्ताचा गुरुवार धरलाय, तो काही खात नाही, पुण्य वाया जाऊ नये म्हणून त्याच्या जागी मला पाठवलंय." एवढंच. यात मोठं घर कुठून आलं? सोमवारच्या बाई काकूंच्या भिंतीला भिंत. बुधवारच्या त्यांच्या बहिणीच्या जाऊबाई. या दोघींच्या कानावर काकूंच्याच तोंडून काहीतरी गेलं, आणि काकूंच्या कानात ते तुझ्याशिवाय कोण घालणार?

तुला पुढचं ठाऊक नाही म्हणून लिहितो. मामांनी बंदरावरच्या तांदळाच्या वखारीत माझ्यासाठी शब्द टाकलाय. माल उतरेल तशी पोती लिहून घ्यायची, हे काम. त्यांचं म्हणणं, ठाण्यात जेवायची सोय राहिलेली नाही तर शाळा कसली? आई नुसती चुलीपुढे बसते. हेडमास्तरांनी मॅट्रिकला बसणाऱ्यांची नावं शनिवार ता. २४ पर्यंत मागितली आहेत. त्या दिवशी मी तिथे नसलो तर माझं नाव जात नाही. चार वारांवर मी नोव्हेंबरातल्या परीक्षेपर्यंत टिकणार नाही, ते श्रावणात करून बघितलंय.

तेव्हा काकूंकडे जा आणि खरं सांग. गुरुवार तुझ्याकडेच ठेव, मला नको. माझ्या नावावरचा डाग तेवढा पूस, म्हणजे निदान सोमवार-बुधवार मला परत मिळतील. दुसरं काही मागत नाही.

श्रीपाद


(कार्ड)
ठाणे, सोमवार, ता. ५ सप्टेंबर १८८७

श्रीपाद टेंबे यांस,

भूमितीची वही दोघांनी मिळून उतरवली होती. ती मधोमध उसवून अर्धी सहदेवाबरोबर पाठवली आहे. आता कोणी कोणाचं खात नाही आणि कोणी कोणाचं वाचत नाही. वाटणी तुला आवडते ना? बाकी सांगण्यासारखं काही नाही.

त्र्यं. खांबेटे


कल्याण, मंगळवार, ता. ६ सप्टेंबर १८८७

तीर्थरूप गं. भा. ठमाबाई काकूंच्या पायांशी श्रीपाद टेंबे याचा साष्टांग नमस्कार.

काकू, मी इकडे कल्याणास मामांच्या घरी आहे. ताप उतरला. आपली प्रकृती कशी आहे ते कळवावं.

हे पत्र उद्या तुमच्या हाती पडेल. तुम्ही ते गुरुवारपर्यंत देव्हाऱ्याखाली ठेवाल, कारण मुंबईच्या पुतण्याची पत्रं आणि पोथी तुम्हाला गुरुवारचा विद्यार्थी वाचून दाखवतो. तीन वर्षं तो मी होतो. आता जो आहे त्यानं घसा खाकरून पुढचंही वाचावं. एकही ओळ गाळू नये. गाळली तर ते त्याच्याच जवळ राहील.

काकू, मला कोणतंही मोठं घर मिळालेलं नाही. तुमचा गुरुवार मी सोडला तो त्र्यंबकाला दोन दिवस उपास पडत होते म्हणून. तो गुरुवारी तुमच्याकडे जेवायचा आणि मी काही खात नसे. तुम्हाला सांगायला मी त्याला एक खोटं शिकवलं होतं, की मी दत्ताचा गुरुवार धरलाय. ते माझं पाप. त्याबद्दल तुम्ही कान धरा. पण त्यानं ते न सांगता दुसरंच काही सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक आहे, मला नाही. त्यापायी माझे सोमवार-बुधवार गेले. त्याआधीच त्याला शनिवारही मिळाला होता, तो त्यानं मला सांगितला नाही, आणि मी उपाशी राहत गेलो.

वाचणाऱ्याला आणखी एक ऐकवायचंय. तो म्हणतो माझं घर पाऊण तासावर आहे. ते मामांचं घर आहे. बाबा गेल्यापासून आई तिथे स्वयंपाक करते आणि सगळ्यांच्या मागून जेवते. मी सुट्टीत गेलो की मामी भाताचं पातेलं आधी उघडून बघते, मग मला वाढते. आंबे असतात, ते मामांच्या मुलांसाठी. गौरीला सहदेवाला मी बोलावलं त्याबद्दल आईला दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं. हे मी आजवर ठाण्यात कोणाला सांगितलं नव्हतं. मला कीव नको होती.

मी तुमच्याकडे काहीच मागत नाही, काकू. मागायची मला सवय नाही. मनातून माझ्याविषयीचं किल्मिष तेवढं काढून टाका.

आपला,
श्रीपाद


ठाणे, गुरुवार, ता. ८ सप्टेंबर १८८७

श्रीपाद,

चांगला सापळा लावलास. तुझ्या डोक्यात हे असलं येतं म्हणूनच तू भूमितीत पहिला.

जेवणाआधी काकूंनी पत्र दिलं. त्या जपमाळ घेऊन पुढ्यात बसल्या. ताप उतरला इथपर्यंत मी वाचलं. मग "घसा खाकरून" दिसलं आणि मी खरंच खाकरलो. पुढच्या चार ओळी नजरेनं झरझर पाहिल्या. तोंड थांबवता येईना, थांबलो असतो तर त्यांनी विचारलं असतं. मी बोलत गेलो. काय बोललो ठाऊक आहे? श्रीपादला वखारीत चांगली जागा मिळाली, तो आनंदात आहे, शाळा सोडतोय, तुमची आठवण काढतो. वखारीचं तूच मला लिहिलं होतंस.

त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. गेला तरी सुखात आहे ना?" आणि पदरानं डोळे पुसले. मग मला भातावर तूप वाढलं, नेहमीच्या दुप्पट. घास तोंडात फिरत राहिला. पानात टाकून उठता येत नाही, म्हणून पाण्याबरोबर गिळला. तू सूड घ्यायला बसला होतास तर घे, मिळाला.

बाकीचं पत्र मी नंतर पोथी शोधायच्या निमित्तानं उभ्यानं वाचलं. मामीचं पातेलं वाचलं. अरे, तीन महिने एका चटईवर झोपलो! मी तुला सांगितलं होतं की नाही, माझी आई काय खाते, धाकटा कशानं गेला? सगळं सांगितलं. आणि तू मला फणसाच्या गऱ्यांच्या गोष्टी सांगत होतास. तुला कीव नको होती, आणि माझी कीव मात्र चालली? मला ठाऊक असतं तर तळ्यावरचं तुझं बोलणं मी एका दिवसात विसरलो असतो. शनिवारही त्याच रात्री सांगितला असता. मला वाटलं, भरल्या घरचा पोरगा गंमत म्हणून उपास करतोय.

आता तुला हवं ते. ऐक. पहिल्या गुरुवारी काकूंनी दारात विचारलं, "श्रीपाद कुठाय?" तू शिकवलेलं सगळं पाठ होतं. पण माझ्या आईनं मला दत्ताला नवस करून मागून घेतलाय. त्याच्या नावानं खोटं बोलायला जीभच उचलेना. मी म्हटलं, "त्याला दुसरीकडे बोलावणं आलंय." त्या म्हणाल्या, "आजच्यापुरतं की कायमचं?" मी पाय धुवायला वाकलो. "कायमचं का?" मी मान हलवली. "मोठं घर असेल." मी पुन्हा मान हलवली. दोनदा मान हलवली, एवढंच मी केलं. देवाला घाबरलो आणि तुला विकलं. दुसऱ्या आठवड्यात सुधारून सांगेन म्हटलं, आणि मग प्रत्येक आठवड्यात ते जास्त अवघड होत गेलं.

हे तुला सांगितलं. काकूंना सांगणार नाही. सांगितलं तर माझं पान उचललं जाईल, ती गोष्ट चार घरांत जाईल आणि माझे सगळेच वार जातील. मलाही मॅट्रिकला बसायचंय. माझ्यासाठी वखारीत शब्द टाकणारा मामासुद्धा नाही.

पत्र त्यांनी माझ्या हातून परत घेतलं आणि देव्हाऱ्याखाली ठेवलं.

त्र्यंबक


ठाणे, गुरुवार, ता. १५ सप्टेंबर १८८७

चिरंजीव श्रीपाद यास ठमाबाईचे आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि त्र्यंबक लिहितो आहे. त्याला बजावलंय, माझ्या तोंडून निघेल ते सगळं लिहायचं, शिवीसुद्धा. लिही.

मला अक्षर येत नाही. म्हणून मला डोळे नाहीत असं तुम्हा दोघांना वाटलं का रे? मागल्या गुरुवारी यानं तुझं पत्र वाचलं. दोन कागद, चारी बाजूंनी भरलेले. यानं एकदाही कागद उलटला नाही आणि पत्र संपलं! पुतण्याचं अर्ध्या कागदाचं पत्र वाचायला याला तेवढाच वेळ लागतो. आणि वाचताना कपाळाला घाम. मी त्या दिवशी काही बोलले नाही. म्हटलं पोर जेवायला बसायचंय, आधी जेवू दे. आठ दिवस वाट पाहिली, स्वतः होऊन सांगतो का. आज पत्र त्याच्या पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, पुन्हा वाच, आणि कागद उलटून वाच. वाचलं. रडत वाचलं, पण एकही ओळ गाळली नाही. मग मान हलवल्याचंही सांगितलं. मी विचारलं नव्हतं तो तुमचा वाटणीचा हिशेब, तळ्यावरचं, वहीचं, तेही सांगितलं. लिही रे, थांबलास कशाला? सांगताना लाज वाटली नाही, लिहिताना कसली?

आता माझं ऐका, दोघेही.

सात आणि पाच बारा म्हणे. बाराचे अर्धे सहा म्हणे. इंग्रजी शाळेत हेच शिकवतात काय? तो गुरुवार कोणाचा होता रे? तुझा? तांदूळ माझे, चूल माझी, पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढून सोवळ्यात रांधणारे हात माझे. आणि माझं पान तू याला दिलंस! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंस आणि गावभर दानशूर झालास. यानं ते घेतलं, तुझ्यावर चिडला, तुझ्या पाठीमागे खाल्लं, तू त्याच्यावर चिडलास, वही फाडलीत, पत्रांवर पत्रं लिहिलीत. तीन महिने न्याय-अन्याय चाललाय तुमचा. या सगळ्यात एकालाही सुचलं नाही, की जी वाढते तिला एकदा विचारावं!

विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? "काकू, माझा एक मित्र आहे, त्याला गुरुवारी जेवण नाही." एवढं एक वाक्य. मी दुसरं पान मांडलं असतं. मूठभर तांदूळ जास्त धुवायचे, त्याला काय लागतं? तुझा उपास वाचला असता, याचं खोटं वाचलं असतं. मला मूलबाळ नाही. गुरुवारी दारात एकाच्या जागी दोघं आले असते तर मला जड झालं असतं असं वाटलं तुम्हाला? तीन वर्षं माझं अन्न खाऊन तू मला एवढंच ओळखलंस? माझा खरा संताप याचा आहे. खोट्याचा त्याच्या खाली.

माझंही चुकलं. यानं मान हलवली आणि मी ती खरी धरली. मला लागलं. मी भिंतीपलीकडे जाऊन बोलले, बहिणीच्या जावेकडे बोलले, की टेंब्याचा पोर मोठ्या घराला भुलला. तुला निरोप पाठवून विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही. दोन्ही घरी जाऊन आले आज. या वयात दोन उंबऱ्यांवर उभी राहून "मी चुकीचं बोलले" म्हणाले. तुझे सोमवार-बुधवार मोकळे आहेत. माझी मान खाली गेली त्याचं देणं तुम्हा दोघांकडे.

त्र्यंबकाचं पान मी उचललेलं नाही. भुकेल्या पोराचं पान उचलणारी मी नाही, त्यानं काहीही केलेलं असो. तो गुरुवारी येईल.

तुझं मात्र वेगळं. तू लिहिलंस, मी काही मागत नाही, मला सवय नाही. मोठा मानी! देताना गाव गोळा करतोस आणि घेताना तोंड शिवतोस. त्या मानापायी आईला बोलणी खायला लावलीस, मित्राला परका ठेवलंस. मी तुला बोलावणार नाही. ये म्हणणार नाही. मला विचार. विचारलंस तर वाढीन.

ठमाबाई

श्रीपाद, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं उतरलं आहे. काही ठिकाणी त्या याहून जास्त बोलल्या, पण इतक्या भराभर की हात पुरला नाही. नावं शनिवार ता. २४ ला जातात. मी हेडमास्तरांना सांगितलंय की तू येणार आहेस. हेही तुला न विचारताच केलं. त्र्यं.


कल्याण, शनिवार, ता. १७ सप्टेंबर १८८७

तीर्थरूप ठमाबाई काकूंना श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग रडायला लागली, आणि मग मामांपुढे जाऊन उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. वखारीत मी चार दिवस पोती लिहिली, ती नोकरी काल सोडली. मामा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी बोलू नये, मला राग नाही.

राग त्र्यंबकावर आहे. तो गेलेला नाही आणि इतक्यात जाईल असं वाटत नाही. काल रात्री वाटलं गेला, आज पाच गुरुवार आठवले आणि पुन्हा डोकं तडकलं. त्याचाही माझ्यावर असेल. तळ्यावर मी जे बोललो त्याबद्दल वर्गात सगळ्यांसमोर त्याची माफी मागणार आहे, आणि त्यानंतर त्याच्याशी भांडणार आहे. दोन्ही करणं मला भाग आहे. चटई मात्र मी घेणार, त्यानं आपली दुसरी बघावी.

तुम्ही म्हणालात मला विचार. काकू, मी कालपासून घरात एकटाच ते म्हणून बघतोय. तोंडातून शब्द निघत नाही. आईनं माझे सातही वार लावले तेव्हा मी प्रत्येक दारात तिच्या मागे उभा होतो, बोलली ती. मी आजवर कोणाकडे भात मागितलेला नाही. देऊन टाकायला किती सोपं होतं! तेव्हा छाती भरून यायची. आता नुसतं पोट दिसतं.

म्हणून लिहून पाठवतो. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी ठाण्यास येतो आहे. त्र्यंबक हे पत्र तुम्हाला वाचून दाखवत असेल तेव्हा मी तुमच्या अंगणात तुळशीपाशी उभा असेन. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत मला आत बोलावू नका. त्र्यंबकानं शेवटची ओळ मोठ्यानं वाचावी, मला बाहेर ऐकू जाईल अशी.

काकू, मला भूक लागली आहे, जेवायला वाढाल का?